साडेबारा फुटांची फळी

शालिकराम मिस्त्रींबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांची जन्मतारीख मला पाठ आहे, सात नोव्हेंबर एकोणीसशे चौतीस, पण ती त्यांनी मला आपणहून सांगितली नव्हती. परीक्षेचा अर्ज मी भरला म्हणून ठाऊक. गाव पारशिवनीच्या बाजूचं. नाव सांगितलं असेल, मी विसरलो. भाऊ किती, बहिणी किती, देव मानत की नाही, यातलं काही मला सांगता येणार नाही. पाच वर्षं आमच्या खोल्यांत एकच भिंत होती. ते खोकले तर मला ऐकू येई. तरी मी त्यांना मोकळेपणाने चार गोष्टी विचारल्या नाहीत, आणि आता ते नाहीत. ते गेल्याचंही मला महिन्याभराने कळलं. मला जे माहीत आहे ते एका परीक्षेपुरतं आहे, तेवढंच लिहितो.

१९६६ साली मी काटोल सोडून वाडीला आलो. अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचं काम मिळालं होतं. मॅट्रिक झालेला होतो, म्हणून सगळे बाबूजी म्हणत. शेजारच्या खोलीत मिस्त्री आणि त्यांची बायको गोपिकाबाई. रस्त्यापलीकडे चंपतरावांचं आवार होतं. तिथे ट्रकांच्या लाकडी बॉड्या बांधत. कारखान्यातून नुसता सांगाडा यायचा, पुढे इंजिन आणि मागे दोन लोखंडी पट्ट्या. त्यावर फळ्या, खांब, मागचा उघडझाप करायचा फाळका सगळं चढवून तो रस्त्यावर न्यायजोगा करायचा. मिस्त्री तिथले मुख्य सुतार. सात फूट तीन इंच पाच सूत, असं माप ते बोलत आणि करवत त्याच रेघेवर चाले. एका इंचाचे आठ सूत, हे मला तिथेच कळलं.

आवार उघड्यावर होतं. पावसाळ्याचे तीन महिने काम बंद. मग मिस्त्री रायपूरकडे आरामशिनीवर कामाला जात आणि दसऱ्याला परत येत. १९६७ च्या पावसाळ्यात ते तिकडे असताना गोपिकाबाईंचं मूल जन्मताच गेलं. तार मीच केली. मिस्त्री चौथ्या दिवशी पोचले. पायऱ्यांवर बसून त्यांनी बूट काढले, आत गेले, आणि मला भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले.

"बाबूजी, आता पावसात घर सोडाचं नाई," ते म्हणाले. "सरकारी बसा बांधतेत, तिथं सुतार पायजे म्हनते. तपास करून सांगा."

मी तपास केला. जागा होत्या. वय पस्तिसाच्या आत हवं आणि सुतारकामाच्या परीक्षेचं प्रमाणपत्र हवं. परीक्षा दर एप्रिलमध्ये, बाहेरूनही बसता येई. एक हातकाम आणि एक हिशेबाचा पेपर. मिस्त्रींना तेहतिसावं चालू होतं, म्हणजे हातात दोनच एप्रिल होते.

"हिशेबात काय येते?" त्यांनी विचारलं.

"मापाचीच उदाहरणं येतात. अपूर्णांक वगैरे. तुम्हाला काय कठीण?"

मला खरंच तसं वाटत होतं. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस पावकी, अडीचकी, औटकी सगळं तोंडी म्हणे. सात औटं साडेचोवीस, तेरा अडीच साडेबत्तीस, काम करता करता. एकदा वही घेऊन बसावं, त्यांच्याकडून चार उदाहरणं सोडवून घ्यावीत, असं मनात आलं होतं. पण आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, नावाजलेल्या कारागिराला शाळकरी मुलासारखं बसवायचं कसं, या संकोचात मी राहून गेलो. तो संकोच मला अजून बोचतो.

१९६८ च्या एप्रिलमध्ये ते परीक्षेला बसले. जूनअखेर निकाल आला. हातकामात शंभरपैकी एक्क्याण्णव. हिशेबात बावीस. पास व्हायला चाळीस लागत.

चंपतराव मालक असले तरी तोंडाने फटकळ होते. आवाराच्या फाटकातूनच ओरडले, "काय गा मिस्त्री, बॅरिस्टर होऊन राहिला होता ना? माया ट्रकाले चढव पाट्या, तेच बरं हाय तुले!"

मिस्त्री सरळ माझ्या खोलीत आले. त्यांनी प्रश्नपत्रिका खिशात घडी करून जपली होती. ती माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक प्रश्नाच्या बाजूला पेन्सिलीने त्यांचं उत्तर लिहिलेलं होतं.

मी पाहत गेलो. जिथे अर्धे, पाव, अष्टमांश होते तिथे सगळं बरोबर. जिथे तृतीयांश किंवा पंचमांश आला तिथे घोटाळा. आणि मग चौथा प्रश्न. साडेबारा फूट लांबीच्या फळीतून अडीच फूट लांबीचे किती तुकडे निघतील? बाजूला लिहिलं होतं, चार.

"मिस्त्री, हे पाच यायला पाहिजे."

"नाई येत."

"अहो, साडेबाराला अडीचने भागायचं. पाच अडीच साडेबारा."

"ते मले बी येते. पन करवत काय हवेतून जाते का, बाबूजी? एका कापाले एक सूत लाकूड खाते. पाच तुकडे म्हंजे चार काप. चार सूत गेले भुश्शात. पाचवा तुकडा अर्धा इंच तोकडा. तो बॉडीत लावला तं चंपतराव माया डोक्यात हाणन."

"पण पेपरात करवतीचं काही म्हटलेलं नाही."

"फळी म्हटली ना? तुकडे म्हटले ना? मंग करवत आलीच."

फळ्या कापायची अशी तीन उदाहरणं होती. तिन्हींत त्यांनी करवतीचा घास वजा केला होता. तीस गुण तिथेच गेले होते.

मी म्हटलं, पेपर काढणाऱ्याने कधी करवत धरली नसेल, आपण त्याला हवं ते लिहावं. मिस्त्रींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय बदलला. म्हटलं, आधी तृतीयांश-पंचमांशाचं पाहू.

रायपूरला निघायला तीन आठवडे होते. आवार बंद पडलेलं होतं. रोज सकाळी मी कामावर जायच्या आधी तासभर आम्ही बसू लागलो. मी शिकवायला किती नालायक होतो ते पहिल्याच दिवशी कळलं.

"इंचाचे पाच भाग कोन करते?" मिस्त्री म्हणाले. "अर्धा होते, त्याचा अर्धा होते, त्याचा बी अर्धा होते. पाच भाग करनारा सुतार म्या पायला नाई."

"मग नऊ इंच रुंद फळीच्या पाच सारख्या पट्ट्या काढायच्या असतील तर?"

"ते येगळं." त्यांनी कोपऱ्यातली फळी ओढली. तिच्यावर टेप आडवा न ठेवता तिरपा ठेवला, एका काठावर शून्य आणि दुसऱ्या काठावर बरोबर दहा येईल असा. मग दोन, चार, सहा, आठवर पेन्सिलीने टिंबं दिली. "झाले पाच."

"मिस्त्री, हाच पंचमांश."

त्यांनी टिंबांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे तं आमी रोज करतो."

दुसऱ्या दिवशी मी जागा झालो तो रंध्याच्या आवाजाने. त्यांनी सागाच्या टाकाऊ तुकड्यांतून फूटभर लांबीच्या पट्ट्या काढायला घेतल्या होत्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एक. एकीचे तीन भाग, एकीचे पाच, एकीचे सहा, सगळे तिरप्या टेपने आखलेले आणि सुरीच्या टोकाने खाच दिलेले. तीन दिवसांत भिंतीवर ओळीने खिळे आणि खिळ्यांना पट्ट्या. साताचीही केली.

"साताचं काय काम पडनार हाय वं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मले काय विचारता? माया घरात आता भांडं टांगाले खिळा नाई उरला," गोपिकाबाई म्हणाल्या. "लोकाईच्या भिंतीवर देव राहते, आमच्या भिंतीवर चिपट्या."

एक तृतीयांश आणि एक अष्टमांश यांची बेरीज कशी करायची, ते मला पुस्तकात होतं तसंच येत होतं. छेद सारखे करा. का करायचे, ते मला सांगता येईना. मिस्त्रींनी तीनची पट्टी आणि आठाची पट्टी शेजारी ठेवली. खाचा जुळत नव्हत्या. दोन दिवस ते त्यांच्याशी झटत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक नवी पट्टी आणून ठेवली, चोवीस खाचांची.

"दोघाईच्या कामाची एकच पट्टी पायजे," ते म्हणाले. "हिच्यावर तीनवालीचा एक भाग म्हंजे आठ खाचा. आठवालीचा एक म्हंजे तीन. झाले अकरा. अकरा बटा चोवीस. असंच ना?"

असंच होतं. मी मॅट्रिक झालो त्या वर्षी हे मला कोणी असं दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

भागाकाराला मात्र ते अडले. भागताना दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, असं मी सांगितलं.

"काहून उलटा?"

"तसा नियम आहे."

"नियम कोनी केला? करनाऱ्यानं पायलं असन ना काही?"

 माझा चेहरा पडला असावा, कारण ते लगेच म्हणाले, "राहू द्या, बाबूजी. मी पाहतो." आणि त्यांनी पाहिलं. दोन दिवसांनी गोदामात, बिल्ट्यांची रांग लागलेली असताना, ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात फुटाची पट्टी.

"एका फुटात पाऊन फुटाचे तुकडे किती? एक पुरा. वर उरला पाव फूट. तो तुकड्याचा तिसरा हिस्सा. म्हंजे एक पुरा अन् एक बटा तीन. म्हंजे चार बटा तीन. तीन बटा चार उलटा झाला का नाई? मंग सहा फुटात त्याच्या सहापट. म्हनून गुना."

मागचा ड्रायव्हर म्हणाला, "बाबूजी, मेरी बिल्टी बनाओ, स्कूल बाद में चलाना." सगळे हसले. मी खाली मान घालून लिहू लागलो, पण त्या दिवशी मला नियमाचं कारण कळलं होतं.

मग ते रायपूरला गेले. त्या पावसाळ्यात तरी दुसरा उपाय नव्हता. जाताना पट्ट्या सुतळीने बांधून नेल्या. आठवड्याला एक पोस्टकार्ड येऊ लागलं, माझ्या नावाने, काठापर्यंत उदाहरणांनी भरलेलं. मी तपासून उत्तर पाठवी. एक चूक त्यांची सुटत नव्हती. बेरीज मोठी झाली की ते आठाला एक हातचा घेत, छेद कोणताही असो. ७/१२ आणि ८/१२ मिळून १५/१२, आणि त्याचे ते लिहीत १ ७/१२. आयुष्यभर आठ सूत झाले की इंच मोजलेला हात होता. मी प्रत्येक कार्डावर लिही, इथे बारा झाल्यावरच एक. सप्टेंबरच्या तिसऱ्या कार्डावर पहिल्यांदा १ ३/१२ आलं, आणि पुढे स्वतःच १ १/४ केलेलं.

कार्डं मी गोपिकाबाईंना दाखवी. त्यांना वाचता येत नव्हतं.

"एवढं काय लिवलं?"

"गणित आहे."

"अन् मायासाठी?"

शेवटी कोपऱ्यात एक ओळ असे. गोपिकाले सांगा मी बरा आहो. ती मी वाचून दाखवली.

"बस? गणिताले अख्खं कार्ड, अन् मले एक लाइन! येऊ द्या त्याईले." पण कार्ड त्या ठेवून घेत.

दसऱ्यानंतर पुन्हा रोजचा तास सुरू झाला. एप्रिल जवळ आला तेव्हा अपूर्णांकांचं मला भय उरलं नव्हतं. भय होतं ते फळ्यांचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी धीर करून बोललो.

"मिस्त्री, एक ऐका. फळी कापायचं उदाहरण आलं तर नुसता भागाकार करा. पाच आले तर पाच लिहा. हा शेवटचा एप्रिल आहे."

ते पेन्सिलीला टोक करत होते.

"गोपिकाबाईंसाठी तरी," मी म्हणालो. इतकं मी कुणाला कधी म्हटलं नव्हतं.

"माहीत हाय मले, काहून बसलो ते," ते म्हणाले. मग टोकावर बोट ठेवून पाहत, "पन जे होत नाई ते होते म्हनून सही कशी करू?"

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा घेतली आणि शहरात जिथे परीक्षा होती त्या शाळेबाहेर कडुनिंबाखाली उभा राहिलो. डोक्याला दुपट्टा बांधूनही ऊन लागत होतं. दोन वाजता मिस्त्री बाहेर आले. प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली आणि नळावर पाणी प्यायला गेले.

सहावा प्रश्न तोच होता, आकडे वेगळे. पावणेचौदा फुटांची फळी, पावणेतीन फुटांचे तुकडे. किती? गुण दहा.

"काय लिहिलं?"

"पाच." त्यांनी तोंड पुसलं. "पंचावन्न बटा चार, भागिले अकरा बटा चार. उलटा केला, गुनलं, पाच."

मी प्रश्नपत्रिकेची घडी घालू लागलो.

"मंग खाली रेघ मारली," ते म्हणाले, "अन् लिवलं, हा भागाकार झाला. करवत चालवली तं एका कापाले एक सूत जाते. चार काप, अर्धा इंच. म्हनून पुरे तुकडे चार, अन् पाचवा दोन पूर्णांक सतरा चोविसांश फूट."

मी तिथेच, कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून, मनात करून पाहिलं. पावणेतीन फूट म्हणजे तेहतीस इंच. अर्धा गेला, साडेबत्तीस. दोन फूट साडेआठ इंच. साडेआठ भागिले बारा म्हणजे सतरा चोविसांश. बरोबर होतं. वर्षापूर्वी ज्याला तिसरा हिस्सा लिहिता येत नव्हता त्याने हे भर उन्हाळ्यात, पट्टीशिवाय, कागदावर केलं होतं. पण उत्तरपत्रिकेत जास्तीचं काही लिहिलं की पेपर बाद होतो, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. पुढचे दोन महिने ते ओझं मी एकट्यानेच वाहिलं.

जूनमध्ये निकाल आला. हिशेबात एकसष्ट. तपासणाऱ्याने ती रेघेखालची ओळ वाचली की नाही, वाचून काय म्हटलं, हे कधी कळलं नाही. मिस्त्रींना त्याची उत्सुकता होती असंही दिसलं नाही. त्यांनी निकालाचा कागद गोपिकाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला आणि म्हणाल्या, "आता ते खिळे काढा भिंतीतले."

चंपतराव म्हणाले, "जा गा, जा. मले अर्धा इंच तोकडा मिस्त्री पायून घ्यावा लागन आता." पण मुलाखतीच्या दिवशी त्यांनी आपला धुतलेला सदरा पाठवला होता.

ऑगस्टमध्ये, पस्तीस पुरे व्हायला तीन महिने असताना, मिस्त्री सरकारी बसांच्या कामावर रुजू झाले. रायपूरला पुन्हा गेले नाहीत. १९७१ च्या ऑगस्टात प्रेमिला झाली. पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. दवाखान्याच्या ओसरीवर मी डबा घेऊन गेलो तेव्हा मिस्त्री बाकावर बसलेले होते, कामाचे कपडे तसेच, केसांत भुसा. "मुलगी," ते म्हणाले. "दोघी बऱ्या हायेत." मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी डबा दिला आणि, पोळ्या गरम आहेत, एवढंच म्हणालो.

त्याच वर्षी मी वाडी सोडली. माझी बदली, मग लग्न, मग दुसऱ्या टोकाला घर. त्यांनाही पुढे सरकारी खोली मिळाली. तिकडे जाईन जाईन म्हणत मी गेलो नाही. दोन-तीनदा रस्त्यात भेट झाली, दोन मिनिटांची.

शेवटची १९८३ मधली. श्रावण होता, सीताबर्डीला बसथांब्यावर गर्दी होती. मिस्त्री पिशवी घेऊन उभे होते, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर आलेली. केस पांढरे झाले होते. त्यांनीच मला आधी ओळखलं.

"बाबूजी! इकडं कुठं?"

"दाताच्या डॉक्टरकडे."

"दुखते का लय?"

"थोडं."

"लवंग ठेवा."

"ठेवली होती."

"मंग काढून टाका. ठेवून काय करता?" त्यांनी मान उंच करून रस्त्याकडे पाहिलं. "चला, माही बस आली. गोपिका वाट पाहत असन."

"या, मिस्त्री," मी म्हणालो.